उतारा

लक्काप्पा अर्जवाला खानापूर कोर्टाच्या फाटकाबाहेर बसतो,
जांभळाखाली, टाइपरायटरवर ओला टॉवेल टाकून.
अर्जाचे ऐंशी रुपये.
दुसऱ्या कामाचं काय ते तुम्ही समजून द्यायचं.

मी नोटीस घेऊन गेलो.
(आमच्या भागात बाईमाणूसही 'गेलो'च म्हणतं.
कोर्टातही मी तसंच बोललो. कारकून हसला. हसू दे.)
कागद कन्नड, अक्षरं बुंदी पाडल्यागत गोल.
त्यात कुठंतरी माझं नाव आहे म्हणाले,
आणि बांधावरच्या फणसाचं.

लक्काप्पा वाचला. चष्मा पुसला, परत वाचला.
"हे आणखी दोघांकडनं वाचून घे.
एक तुझ्या बाजूचा, एक तुझ्यावर जळणारा.
दोघांचं जुळतंय तेवढंच ह्यात लिवलेलं आहे."

मग बोटं मोडत सांगत बसला:
कोऱ्या कागदावर अंगठा नको, देवाच्या नावानंही नको.
वकिलाला पैसे दिलीस की पावती माग,
देत नसला तर शेजारणीला घेऊन जा, चहाचं निमित्त सांग.
तारखेदिवशी उंबऱ्याबाहेर उजवा पाय.
तारीख चुलीमागं कोळशानं लिहून ठेव,
वकिलाच्या डायरीचा भरवसा नाही.
त्याचं नाव चिठ्ठीवर, चिठ्ठी वरवंट्याखाली,
पण वर मिरची वाटू नको गा,
जीभ जड व्हायला पाहिजे त्याची, तिखट नव्हे.
आणि पिंजऱ्यात उभं राहिलीस की तोंडात मिठाचा खडा.
तो विरघळेपर्यंत गप्प बसायला जमलं
तर निम्मी केस तिथंच.

"उतारे दोन लागतात.
एक तलाठ्याचा, सही-शिक्क्याचा, झेरॉक्स चालत नाही.
दुसरा दहीभाताचा, अमावास्येला, तिठ्यावर, मागं न बघता.
अदलाबदल करू नको.
बिडीचा एकजण केलेला.
फाईलला मुंग्या लागल्या."

शेवटी एक लिंबू दिला, काळ्या डोक्याची टाचणी टोचलेलं.
"ओटीत ठेव. माझं आहे म्हणून कुणाला बोलायचं नाही.
बोललीस की उतरलं."

सहा वर्षं झाली. दर तारखेला नवं लिंबू.
कोर्ट म्हणालं, जैसे थे.
फणसाला हे कुणी सांगायला गेलं नाही.
तो धरतो, पिकतो, खाली पडून फुटतो,
आणि वास दोन्ही घरांत जातो,
माझ्या आणि चुलतदीर भावकूच्या.
दारं लावून घेतो आम्ही.

काल माझा वकील आला नाही. त्याचाही नाही.
चारच्या जांबोटी गाडीत मी पुढं, भावकू मागं,
मधे अंगणवाडीच्या बाया, काजूची पोती,
एक कोंबडी, पाय बांधलेली.
मलप्रभेचा पूल गेला, पुढं वळणावर
एक लिंबू गडगडत आलं माझ्या चपलेपाशी.
ओटी चाचपलो.
माझं जागच्या जागी होतं.

ह्याला पण टाचणी. काळ्या डोक्याची.

मागं बघितलो नाही.
ब्रेक लागला तसं ते परत निघालं, पोत्याला आपटून थांबलं.
कंडक्टर उचलला, वर धरला,
"यार्द्री इदु?"

कुणीच बोललं नाही.
"कुणाचं गा हे?" ह्या खेपेला मराठीतनं,
आम्हाला कळलं नसंल असं वाटून.
माझ्या जिभेवर सकाळचं मीठ परत आल्यागत झालं.
भावकू खिडकीबाहेर बघत होता असणार.
सहा वर्षं 'माझं, माझं' म्हणून कागद फाडलेली दोन माणसं,
आणि एका लिंबाला धनी नाही.

कंडक्टर टाचणी काढून खिशाला लावला,
लिंबू पैशाच्या बॅगेत टाकला.
रात्री भाजीवर पिळून खाल्लं असणार.
काही झालं नसणार त्याला.

पुढची तारीख सतरा.
घरी येऊन कोळशानं लिहिलो,
वरवंटा उचलून बघितलो,
चिठ्ठी होती. नाव पुसत आलेलं.